सोपी धाव सोपीच ठेवा: लांब पल्ल्याच्या सरावातल्या या चुका टाळा

नव्या धावपटूंना सगळ्यात महागात पडतो तो रोजचा मधलाच वेग. ना धड हलका, ना धड जोराचा. सहा महिन्यांत मॅरेथॉन करायची घाई असली की हळू पळणं कमीपणाचं वाटतं. पण स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) आणि केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) वाढायला महिनोन्‌महिने हलकं पळावंच लागतं, त्याला शॉर्टकट नाही. रोज धाप लागेस्तोवर पळालं तर इंटरव्हलच्या (मध्ये विश्रांती घेत तुकड्यातुकड्यांनी जोरात पळण्याच्या) दिवशी पायांत जोरच उरत नाही. सोबत्याशी न अडखळता पूर्ण वाक्य बोलता येईल, तोच हलका वेग. वाक्य तुटलं की वेग उतरवा, चढावर सरळ चाला. आठवड्यात पाच धावा असतील तर चार अशाच.

घड्याळातल्या झोनवर (हृदयाच्या ठोक्यांवरून आखलेल्या वेगाच्या पट्ट्यांवर) विसंबू नका. कमाल ठोक्यांसाठीचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र म्हणजे ढोबळ सरासरी आहे. चाळिशीत उत्तर १८० येतं, पण प्रत्यक्षात कुणाचे कमाल ठोके १६८ असतात, तर कुणाचे १९२. त्यात मनगटावरचा सेन्सर कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतो. रमतगमत पळताना आकडा १७० वर चिकटला, तर छातीचा पट्टा लावून खात्री करा.

दुसरी मोठी चूक घाटात दिसते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आधी यवतेश्वर घाटाचा चढ, मग परतीचा उतार. गर्दीच्या जोशात लोक पहिल्याच वळणांवर धापा टाकतात, ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) भराभर संपतं आणि वर पोचल्यावर ‘आता काय, उतारच’ म्हणून सुसाट सुटतात. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात. सवय नसेल तर शेवटच्या चार किलोमीटरमध्ये मांड्या थरथरतात, गुडघा धरत नाही. पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना कळा येतात, त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फुटतं. हे ॲसिड म्हणजे शरीरातलं लॅक्टेट, ते तर तासाभरात रक्तातून निघून जातं. दुखतात त्या स्नायूंतल्या बारीक इजा. म्हणून चढावर वेग बघू नका, श्वास बघा. आणि दोन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा उतार पळा: आधी दोन किलोमीटर, मग हळूहळू पाच. पावलं छोटी ठेवा.

प्रत्येक स्टॉलवर पोटभर पाणी पिऊ नका, रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. तहानेपुरतंच प्या. लांब धावेनंतर वजन वाढलेलं दिसलं, तर पाणी जास्त झालंय.

नवं एनर्जी जेल (पळताना खायचं साखरेचं दाट मिश्रण) शर्यतीच्या दिवशी नको. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा, वेगाचे छोटे तुकडे मात्र चालू ठेवा.