दख्खनी शिलेदार गेममध्ये कसा उतरवावा

रोल-प्लेइंग गेमच्या (फासे टाकून पात्र खेळवायच्या खेळाच्या) तयार यादीत अंगभर पोलादी पत्रे चढवलेला युरोपीय नाइट हमखास असतो. त्याला वैशाखात सोलापूरच्या भुईकोटासमोर उभा करा म्हणजे नियम का बदलायचे ते कळेल.

आधी काळ धरा. तालिकोटची लढाई १५६५ ची. तिच्याआधी हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. दोन्ही शाह्या याच किल्ल्यावरून आधीपासून भांडत होत्या, म्हणजे कथानक आयतंच मिळालं.

मग ऐपत. शिलेदार घोडा-हत्यारं स्वतःची आणतो, बारगिराला घोडा सरकारातून मिळतो. घोडा मेला तर शिलेदाराची रोजीरोटीच बुडाली, हा नियम ठेवलात की खेळाडू उठसूट धावून जात नाहीत.

हत्यारं दोनच द्या. लांबच्या वाराला फिरंग: पातं युरोपातलं, मूठ इथली, वजन साधारण सव्वा किलो. (पाच किलोची तलवार फक्त गेममध्येच पेलते.) अंगाशी आलेल्याला कट्यार. तिची मूठ आडवी, त्यामुळे भोसकताना अख्ख्या हाताचा जोर लागतो. बऱ्याच कट्यारींचं टोक जाड असतं, ते चिलखताच्या कड्या फोडायला. म्हणून चिलखतवाल्यावर कट्यारीला फाशात दोन गुण वाढवा, तलवारीचे दोन कापा.

पट्टा, म्हणजे दांडपट्टा, प्रत्येकाला हवा असतो. नवख्याला देऊ नका. पोलादी खोबणीत मनगट जखडलेलं असतं, सगळा वार खांद्यातून येतो. चौफेर घेरलं असेल तर गुण वाढवा, अरुंद दिंडी दरवाजात कापा. आणि त्या हाताने दोर धरणं, दार उघडणं बाद.

अंगावर आत रुईभरला जाड अंगरखा, वर कड्यांचं चिलखत, साधारण दहा किलो. पैसेवाला असेल तर त्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारा चारआईना. ढाल कातड्याची पुरे.

आता ऊन. सोलापूरचा मे महिना चाळिशीच्या वर जातो. भर दुपारी लढाईच्या दर तिसऱ्या फेरीला (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक फेरी) वीस बाजूंचा फासा टाका: नुसत्या अंगरख्यात पाचच्या आत पडला तर थकवा, चिलखतात दहाच्या आत, चारआईना असेल तर बाराच्या. चिलखत डोक्यावरून उतरवायला एक फेरी, चारआईनाचे पट्टे सोडायला आणखी दोन. मदतीला कुणी असेल तर एकच.