डिप्रेशनमुळे सेमिस्टर सोडायचंय? मग आधी हे करा

पहिलं म्हणजे नुसतं क्लासला जाणं बंद करू नका, बरेचजण तेच करतात आणि मग सगळ्या विषयांत नापास लागतं. मेडिकल विथड्रॉवल, म्हणजे आजारपणामुळे सेमिस्टर अधिकृतपणे सोडणं, रीतसर घेतलं तर अनेक विद्यापीठांत मार्कशीटवर नापास न येता फक्त विषय सोडल्याची नोंद येते, त्यामुळे सरासरी पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं डॉक्टरांचं पत्र. त्यात आजाराची अख्खी कहाणी नको हो, कधीपासून उपचार चालू आहेत आणि त्यामुळे अभ्यास, परीक्षा का जमत नाहीये एवढं स्पष्ट हवं, तारखा तर हव्याच. हे पत्र सहसा ठरलेल्या ऑफिसलाच द्यायचं असतं, प्रत्येक सरांना आजार सांगत बसायची गरज नाही.

फॉर्मवर सही करायच्या आधी फी किती परत मिळेल, स्कॉलरशिप राहील का, हॉस्टेल कधी सोडावं लागेल हे विचारा, आणि उत्तर ईमेलवरच घ्या, तोंडी कोणी काहीही सांगतं. परदेशात शिकत असाल तर व्हिसाचं आधी बघा कारण तिथं चूक झाली तर निस्तरणं फार अवघड जातं. एक-दोनच विषय झेपत नसतील तर तेवढेच सोडता येतात का तेही विचारा.

परत यायच्या अटी आत्ताच वाचून ठेवा, बऱ्याच ठिकाणी तेव्हा डॉक्टरांचं नवीन पत्र लागतं आणि ते द्यायची मुदत सेमिस्टर सुरू व्हायच्या बरीच आधी संपते. फॉर्म भरायचंही त्राण नसेल तर घरच्या कोणाला किंवा मित्राला सोबत बसवा, त्यात लाजायचं काय?