क्षयरोगाच्या लसीची प्राण्यांवरील चाचणी: दहापट फरक खरा मानण्याआधी या चुका टाळा

उंदराला बीसीजी टोचली, दोन-अडीच महिन्यांनी त्याला श्वासावाटे क्षयाच्या जंतूंचा अल्पसा संसर्ग दिला आणि आणखी चार आठवड्यांनी त्याचे फुप्फुस एकजीव करून त्यातले जिवंत जंतू मोजले, तर लस न दिलेल्या उंदरात साधारण १० लाख आणि लस दिलेल्या उंदरात साधारण १ लाख जंतू सापडतात. माणसांना १९२१ पासून दिल्या जाणाऱ्या या लसीचे उंदरातले सारे यश एवढ्या दहापट फरकात सामावलेले असते. एखादी नवी लस बीसीजीहून सरस ठरली, तरी तिची आघाडी बहुतेक वेळा त्याच्याही पुढे तिपटीएवढीच असते. अडचण अशी आहे की गुठळ्या झालेले संवर्धन (प्रयोगशाळेत माध्यमात वाढवलेले जंतू), फवारणीतला चढउतार किंवा चुकीच्या जंतूची मोजणी यांपैकी कोणतीही एक चूक तेवढाच फरक निर्माण करू शकते किंवा असलेला फरक पुसून टाकू शकते. म्हणून प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्ती ज्याला ओळखते तो जंतूचा घटक, कोणता निवडावा या चर्चेपेक्षा प्रयोगशाळेतल्या टेबलावर घडणाऱ्या चुकांकडे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुठळ्यांचे संवर्धन आणि गढूळपणावरून बांधलेला अंदाज

क्षयाच्या जंतूच्या पेशीभित्तिकेत मेणचट लिपिडे भरपूर असतात, त्यामुळे द्रवमाध्यमात हे जंतू एकमेकांना चिकटतात आणि ट्वीन-८० हे साबणासारखे द्रव्य घातले तरी गुठळ्या पूर्णपणे सुटत नाहीत. संवर्धनाचा गढूळपणा मोजून त्यावरून जंतूंची संख्या ठरवण्याची सवय इथे घात करते, कारण वीस जंतूंची एक गुठळी प्लेटवर (घट्ट माध्यमाच्या तबकडीवर) एकच वसाहत, म्हणजे डोळ्यांना दिसणारा एकच ठिपका, देते आणि मृत जंतूही गढूळपणात भर घालतात. फवारणीच्या वेळी गुठळ्यांचा आणखी एक उपद्रव होतो. साधारण ५ मायक्रॉनहून मोठे कण वरच्या श्वसनमार्गातच अडकतात आणि वायुकोशांपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणजे यंत्रात भरलेले जंतू आणि फुप्फुसात उतरलेले जंतू यांचा मेळ बसत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे वाढीच्या मधल्या अवस्थेतले संवर्धन घेणे, काचेच्या मण्यांबरोबर हलवून गुठळ्या फोडणे, हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करून वरचा एकसारखा भाग तेवढा घेणे, आणि तो छोट्या कुप्यांमध्ये उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून एकच साठा सर्व प्रयोगांसाठी वापरणे. गोठवल्यानंतर दोन-तीन कुप्या वितळवून त्यांची प्लेटवर मोजणी करावी आणि तोच आकडा पुढे धरावा. एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवू नये. झील-नील्सन पद्धतीने रंगवलेली एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की जंतू सुटे आहेत की पुंजक्यांत आहेत, हे काही मिनिटांत कळते. काही जण संवर्धन बारीक सुईतून अनेकदा ओढून गुठळ्या फोडतात. गुठळ्या त्यानेही फुटतात, परंतु जिवंत क्षयजंतूंबरोबर सुई हाताळण्याचा धोका पत्करावा असे काही त्यातून हाती लागत नाही.

पहिल्या दिवशी न घातलेली प्लेट

संसर्ग दिल्यानंतर एका दिवसाने चार-पाच उंदरांची संपूर्ण फुप्फुसे विरलन न करता (पातळ न करता) प्लेटवर पसरून प्रत्यक्षात किती जंतू आत गेले हे पाहावे लागते, आणि प्राणी वाचवण्याच्या हेतूने नेमकी हीच पायरी गाळली जाते. उद्दिष्ट ५० ते १०० जंतूंचे असताना एका फेरीत ३० आणि दुसऱ्या फेरीत २०० जंतू उतरले, तर चार आठवड्यांनंतरच्या आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे लस दिलेला गट सकाळच्या फेरीत आणि लस न दिलेला नियंत्रण गट दुपारच्या फेरीत फवारणीच्या यंत्रात ठेवणे. अशा वेळी दिसलेला फरक लसीचा की फेरीचा, हे कोणतीही सांख्यिकी नंतर सांगू शकत नाही. प्रत्येक फेरीत प्रत्येक गटातले काही प्राणी असावेत, त्यांची वाटणी यादृच्छिक पद्धतीने व्हावी आणि वसाहती मोजणाऱ्याला कोणती प्लेट कोणत्या गटाची आहे हे ठाऊक नसावे.

वसाहती कोणाच्या, हे न तपासणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. संसर्गानंतर चार आठवड्यांनी काढलेल्या प्लीहेच्या प्लेटा आणखी तीन-साडेतीन आठवड्यांनी मोजायला घेतल्या, तेव्हा बीसीजी दिलेल्या उंदरांच्या प्लेटांवर नियंत्रण गटाहून जास्त वसाहती होत्या. त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या: पिवळसर, खडबडीत, कोरड्या, कडेला वेड्यावाकड्या. लसीमुळे संसर्ग पसरला की काय, या प्रश्नावर आमचे कित्येक दिवस खर्ची पडले. शेवटी एका सहकाऱ्याने त्यांतल्या काही वसाहती उचलून टीसीएच, म्हणजे थायोफीन-२-कार्बोक्झिलिक ॲसिड हायड्राझाइड, घातलेल्या माध्यमावर रेघल्या आणि बहुतेक रेघांवर काहीच उगवले नाही. आम्ही मोजत होतो ती बीसीजी होती.

बीसीजी ही जिवंत लस आहे. ती त्वचेखाली टोचली तरी उंदराच्या प्लीहेत आणि लसिकाग्रंथींत काही महिने टिकून राहू शकते, आणि ७एच१०, ७एच११ यांसारख्या साध्या माध्यमांवर तिच्या वसाहती क्षयजंतूच्या वसाहतींपासून डोळ्यांनी वेगळ्या काढता येत नाहीत. दर मिलिलिटरला सुमारे २ मायक्रोग्रॅम टीसीएच घातलेल्या माध्यमावर मात्र बीसीजीची वाढ रोखली जाते आणि मानवी क्षयजंतू वाढतो. म्हणून प्रत्येक नमुना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर घालावा, आणि माध्यमाच्या प्रत्येक घाण्यातल्या एका प्लेटवर निव्वळ बीसीजी व दुसरीवर निव्वळ एच३७आरव्ही (संसर्गासाठी वापरला जाणारा मानवी क्षयजंतू) लावून टीसीएच अपेक्षेप्रमाणे काम करत असल्याची खात्री करावी. लस मानवी क्षयजंतूपासूनच तयार केलेली असेल, जसे एमटीबीव्हॅकच्या बाबतीत आहे, तर टीसीएचचा उपयोग होत नाही. तिथे संसर्गासाठी वापरलेल्या जंतूवर ओळखीची एखादी जनुकीय खूण असावी लागते किंवा वसाहती पीसीआरने तपासाव्या लागतात.

वर्षानुवर्षे वाढवत नेलेला जंतू

एच३७ हा वंश १९०५ मध्ये एका रुग्णापासून मिळवला गेला आणि १९३४ मध्ये त्यातून तीव्र एच३७आरव्ही आणि सौम्य एच३७आरए असे दोन प्रकार वेगळे काढले गेले. एकाच पूर्वजापासून काचेच्या नळीत इतके दूर गेलेले दोन जंतू निपजतात, ही गोष्ट प्रत्येक वेळी जुन्या संवर्धनातून नवे संवर्धन सुरू करणाऱ्याने ध्यानात ठेवावी. वारंवार उपसंवर्धन करत गेले की एच३७आरव्हीमधून पीडीआयएम हे लिपिड बनवण्याची क्षमता निघून जाऊ शकते. असा जंतू माध्यमात उत्तम वाढतो, पण प्राण्यात दुबळा पडतो, मग नियंत्रण गटातच जंतू कमी भरतात आणि चांगल्या लसीचाही परिणाम झाकला जातो. कमी उपसंवर्धन झालेला साठा वापरावा आणि पीडीआयएम शाबूत असल्याची रासायनिक तपासणी करून घ्यावी.

बीसीजीलाही हेच लागू पडते. कालमेत आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात गोवंशीय क्षयजंतूची २३० उपसंवर्धने केली, तेव्हा ही लस हाती आली. पुढे ती जगभर वेगवेगळ्या ठिकाणी वाढवली गेल्याने पाश्चर, डॅनिश, टोकियो, रशिया असे जनुकीय फरक असलेले अनेक उपवंश झाले. अहवालात नुसते ‘बीसीजी’ लिहिणे पुरेसे नाही. उपवंश, मात्रा आणि त्या मात्रेतल्या जिवंत जंतूंची प्रत्यक्ष मोजणी द्यावी. सूर्यप्रकाशात राहिलेली किंवा तयार करून तासन्‌तास ठेवलेली बीसीजी दुबळी होते, आणि दुबळ्या बीसीजीशी तुलना केली की कोणतीही नवी लस सरस दिसते.

लस आणि संसर्ग यांच्यात अंतर न ठेवणे

शेवटच्या टोचणीनंतर दोन आठवड्यांतच संसर्ग दिला, तर दिसणारे संरक्षण लसीतल्या प्रतिजनाचे असेलच असे नाही, कारण त्या सुमारास सहायक द्रव्याने (लसीचा परिणाम वाढवण्यासाठी तिच्यात मिसळलेल्या पदार्थाने) चाळवलेली जन्मजात प्रतिकारशक्ती अजून जागी असते. ई. कोलाय या जिवाणूत तयार केलेल्या, लसीसाठीच्या प्रथिनात जंतुविष उरले असेल तर हा गोंधळ वाढतो. प्रथिनाच्या प्रत्येक घाण्याची एलएएल ही जंतुविष शोधणारी चाचणी करावी, फक्त सहायक द्रव्य दिलेला एक स्वतंत्र गट ठेवावा आणि किमान सहा आठवडे थांबावे. इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारपेशींनी सोडलेल्या प्रथिनाची वाढ हे लस रुजल्याचे लक्षण आहे. तो संरक्षणाचा पुरावा नव्हे.

एकाच प्रकारच्या उंदरावर विसंबणे

सी५७बीएल/६ या नेहमीच्या उंदराच्या फुप्फुसात माणसासारखी आतून गळून गेलेली गाठ होत नाही आणि मेणचट लिपिडे टी-पेशींना (प्रतिकारपेशींचा एक प्रकार) दाखवणारे सीडी१ए, बी, सी हे रेणूही कोणत्याच उंदराकडे नसतात. अशी गाठ हवी असल्यास सी३एचईबी/एफईजे हा उंदीर, आणि लिपिड प्रतिजन असल्यास गिनिपिग निवडावा. माकडांवरील प्रयोग माणसाच्या अधिक जवळ जातात. शिरेतून बीसीजी दिलेल्या १० ऱ्हीसस माकडांपैकी ९ माकडांना भक्कम संरक्षण मिळाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याने अनेकांच्या अपेक्षा बदलल्या. त्या पातळीचा प्रयोग मात्र मोजक्याच ठिकाणी शक्य आहे.

एमव्हीए८५ए या लसीचा अनुभव या संदर्भात विसरण्याजोगा नाही. बीसीजी आधी घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेतील २,७९७ बालकांवर तिची चाचणी झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिने बीसीजीच्या संरक्षणात लक्षणीय भर घातल्याचे दिसले नाही. प्राण्यांवरील सगळे प्रयोग नंतर एकत्र ठेवून तपासले गेले, तेव्हा तिथला पुरावाही कमकुवत असल्याचे समोर आले. हे एकत्रीकरण बालकांवरील चाचणीच्या आधी व्हायला हवे होते, असे मला आजही तीव्रतेने वाटते. दुसरी विसंगती अशी की बहुतेक उंदरांना लस निरोगी असताना देतात. एम७२/एएस०१ई या लसीने तीन वर्षांत सुमारे ५० टक्के संरक्षण दिले ते आधीच सुप्त संसर्ग झालेल्या प्रौढांना. लस त्यांच्यासाठी असेल, तर संसर्गानंतर लस देण्याचा प्रयोगही आराखड्यात हवा, आणि त्यात फुप्फुसांतला दाह वाढतो का हेही पाहावे.

बीसीजीच निष्प्रभ ठरली तर

काही वेळा नवी लस छान दिसते, पण त्याच प्रयोगात बीसीजीच्या गटात दहापट घट दिसत नाही. अशा प्रयोगावरून नवी लस सरस ठरवू नये. आधी कारण शोधावे. टोचलेल्या मात्रेतली उरलेली बीसीजी प्लेटवर घातली होती का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर पहिल्या दिवसाचे आकडे गटवार काढावेत, टीसीएच असलेल्या व नसलेल्या प्लेटांची तुलना करावी, आणि उंदरांच्या पाण्याच्या बाटल्यांत किंवा भुशात परिसरातले इतर मायकोबॅक्टेरिया आहेत का हे तपासावे, कारण अशा जंतूंशी आधी संपर्क आलेल्या उंदरात बीसीजी नीट रुजत नाही. वसाहत न दिसलेल्या प्राण्यांची नोंद शून्य म्हणून न करता मोजणीच्या किमान मर्यादेखाली अशी करावी आणि ती मर्यादा आकड्यात लिहावी. यातून कारण सापडले नाही, तर पुढचा प्रयोग नव्या साठ्याने आणि दुसऱ्या ठिकाणाहून आणलेल्या उंदरांवर करावा आणि पहिल्या प्रयोगाचे आकडे गाळून न टाकता त्याच अहवालात शेजारी छापावेत.