जुनी ८ मिमीची फिल्म डिजिटल करताय? या चुका टाळा

विदर्भातल्या जुन्या घरांतून अजूनही ८ मिमीची रिळं निघतात. मालगुजाराच्या वाड्यात, जिनिंगवाल्यांच्या घरी, खेड्यात दवाखाना चालवलेल्या डॉक्टरांच्या कपाटात. कुणाचं लग्न, कुणाच्या दारातला पोळा, कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग. घर पाडताना किंवा वाटणीच्या वेळी डबा हाती लागतो आणि सगळ्यांना एकच घाई होते: लावा, पाहू! इतकी वर्षं डब्यात पडून झालं नसेल तेवढं नुकसान या घाईत होतं.

सोबत सापडलेल्या प्रोजेक्टरवर लगेच लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घरगुती फिल्म बहुतेक ॲसिटेट या प्लास्टिकची असते. टिनाखालच्या खोलीत उन्हाळ्यामागून उन्हाळे काढले की ती आखडते. कडेच्या भोकांमधलं अंतर कमी होतं, प्रोजेक्टरचे दाते मात्र जुन्याच मापाचे असतात. मग एकेक भोक फाटत जातं. त्यात फिल्म अडकून थांबली, तर दिव्याच्या उष्णतेने समोरची फ्रेम फोड आल्यासारखी वितळते. ती परत मिळत नाही.

आधी डबा उघडून वास घ्या. शिरक्यासारखा आंबट वास आला, तर ॲसिटेट कुजायला लागलंय. त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते, म्हणून ते रीळ वेगळं काढा, हवाबंद पिशवीत कोंडू नका आणि स्कॅनिंगला सगळ्यात आधी तेच पाठवा. फिल्म वाकडी झाली असेल तर ओढून सरळ करू नका. अशा रिळासाठी दाते नसलेला, नुसत्या रोलरवर फिल्म पुढे नेणारा स्कॅनरच हवा.

प्रकार न ओळखता मशीनमध्ये घालणं

१९३२ साली आलेली साधी ८ मिमी आणि १९६५ ची सुपर ८ यांची रुंदी सारखीच. फरक भोकांत आहे. साध्या ८ मध्ये भोक मोठं आणि दोन फ्रेमच्या सीमेवर असतं. सुपर ८ मध्ये लहान आणि फ्रेमच्या मध्यावर. रिळावर विसंबू नका, फिल्म दुसऱ्याच रिळावर गुंडाळलेली असू शकते. फिल्म उजेडात धरून पाहा. हात कोरडे ठेवा आणि फक्त कडांना धरा.

तपासताना जोड सुटताना दिसतील. फिल्म सिमेंटने, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवाने, केलेले जुने जोड वाळून हलक्या ताणानेही उघडतात. ते फिल्मसाठीच्या स्प्लायसिंग टेपने जोडा, घरातल्या सेलोटेपचा गोंद पाझरतो. फुजी कंपनीची सिंगल ८ (सुपर ८ सारखीच दिसणारी फिल्म) पॉलिएस्टरची असल्याने तिला सिमेंट धरतच नाही, तिथेही टेपच.

पाण्याने पुसणं

पावसाळ्यात बुरशी लागलेली फिल्म पाहून ओला फडका उचलायचा मोह होतो. चित्र जिलेटिनच्या थरात असतं आणि बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. पुसता पुसता चेहरेच निघून येतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं मऊ कापड वापरा, तेही आधी लीडरवर, म्हणजे सुरुवातीच्या चित्र नसलेल्या कोऱ्या पट्टीवर, तपासून. ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं पाणीच असतं, ती नको. ध्वनीची चुंबकीय पट्टी असेल तर हे घरी करूच नका.

कापसाचा बोळाही नको. आणि हंगामात ज्या घरात कापूस साठवला आहे, तिथे स्कॅनिंगला बसूच नका. हवेतला एक तंतू फ्रेमच्या खिडकीत अडकला की पुढची सगळी फिल्म त्या काळ्या केसासकट उतरते.

भिंतीवर पाडून मोबाइलने शूट करणं

प्रोजेक्टर सेकंदाला १६ किंवा १८ फ्रेम दाखवतो, मोबाइल ३० टिपतो. मेळ बसत नाही, चित्र लुकलुकतं. शिवाय कडा अंधारतात आणि पांढरं नऊवारी नेसलेली आजी नुसता उजेडाचा ठिपका होते. फ्रेम-फ्रेम टिपणारा साधा घरगुती स्कॅनरही याहून चांगलं काम देतो.

मात्र त्या स्कॅनरची फाइल बहुतेकदा २० किंवा ३० च्या वेगाने तयार होते आणि माणसं दुडदुड पळतात. फाइल ३० ची असेल तर एडिटिंगमध्ये सुपर ८ चा वेग ६० टक्के ठेवा, साध्या ८ चा ५३ टक्के. असे स्कॅनर आवाज घेत नाहीत. फिल्मच्या कडेला तपकिरी पट्टी दिसली, तर ध्वनी उतरवणारी लॅबच गाठावी लागेल.

विजेचाही हिशोब ठेवा. सुपर ८ च्या ५० फुटांत ३६०० फ्रेम असतात. पाहायला ३ मिनिटं २० सेकंद लागतात, पण सेकंदाला दोन फ्रेम घेणाऱ्या मशीनला अर्धा तास. ४०० फुटी रीळ चार तास खातं. इन्व्हर्टरशिवाय सुरू करू नका.

लॅबला नुसतं 'पेनड्राइव्हवर द्या' म्हणणं

मग गाणं चढवलेली, रंग भडक केलेली एमपी४ हाती येते. रंग न बदललेली प्रोरेस (कमी दाबलेली, उच्च दर्जाची) फाइल मागा, रोजच्या बघण्यासाठी एमपी४ वेगळी. रिळं देण्याआधी प्रत्येक डब्यावरच्या मजकुराचे फोटो काढा आणि लीडरवर क्रमांक घाला. मे महिन्यात कुरिअरने पाठवू नका. तापलेल्या गाडीत डबा किती तास राहील, ते आपल्या हातात नसतं.

फाइल आली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर लावा आणि बाजूला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. मुक्या चित्रात आपल्याला नुसती गर्दी दिसते, आजी मात्र म्हणते, "हा तं माह्या धाकल्या दिराचा सासरा होय." ही ओळख लॅब देऊ शकत नाही, म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. सांगितलेली नावं रिळाच्या क्रमांकासह लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

फाइलच्या प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत असू द्या. मूळ रिळं फेकू नका. माडी आणि टिनाची खोली सोडून घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा निवडा, डबे आडवे ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून वास घ्या.