मोठा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवताय? या चुका टाळा

इंदूरच्या गेरचा, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, व्हिडिओ काढणाऱ्याच्या फोनवर बघावा, तर मागे राजवाड्याच्या सातही मजल्यांच्या खिडक्या स्वच्छ दिसतात. तोच व्हिडिओ पुण्याच्या मावशीकडे पोचतो तेव्हा गुलालाच्या जागी गुलाबी चौकोन आणि माणसांच्या जागी ठिपके. मग दोष कॅमेऱ्याला जातो, नेटला जातो, मावशीच्या जुन्या फोनला तर हमखास जातो. खरं कारण बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या बोटाखाली असतं. क्लिपच्या चिन्हावर टॅप केल्यावर 'गॅलरी' निवडली की 'डॉक्युमेंट', यावर जवळजवळ सगळं ठरतं.

गॅलरीतून पाठवणं ही पहिली चूक

गॅलरीतून निवडलेला व्हिडिओ व्हॉट्सॲप जसाच्या तसा पाठवत नाही. आधी तुमच्या फोनमध्येच त्याची लहान प्रत तयार होते आणि ती प्रत वर चढते. साध्या 'स्टँडर्ड' दर्जात ती साधारण 480पीची, म्हणजे चित्रात 480 आडव्या ओळींची, असते. ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या एचडी पर्यायात ती 720पीपर्यंत जाते. म्हणजे 4केमध्ये घेतलेला व्हिडिओ वरचं एचडीचं बटण दाबून पाठवला, तरी तो 4के जात नाही, 1080पीही जात नाही. बटणाचं नाव जरा फसवंच आहे.

आता गेरचंच वाटोळं का होतं आणि मुंजीचा व्हिडिओ बरा का जातो? व्हिडिओ लहान करताना प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. मागच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच लिहितात. बटू पाटावर बसलाय, मागे कार्यालयाची भिंत आहे, गुरुजींचे ओठ आणि हात तेवढे हलतायत, मग लिहायला फार काही नसतं आणि चेहरे टिकतात. गेरमध्ये टँकरचं पाणी उडतंय, ज्यांना मिसाइल म्हणतात त्या यंत्रांतून गुलाल फुटतोय, कण न् कण जागा बदलतोय. अनंत चतुर्दशीला रात्रभर निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्यांचंही, म्हणजे चित्ररथांचंही, तसंच. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा, फिरती चित्रं, आणि अंधारात कॅमेऱ्याने स्वतःच चित्रात पेरलेले दाणे. बदल प्रचंड, जागा मात्र मुंजीला होती तेवढीच. चौकोन पडतात ते यामुळे.

म्हणून सरसकट एकच नियम लावू नका. फोनवर एकदा बघून सोडून द्यायचा घरगुती व्हिडिओ एचडीत पाठवला तर पुरेसा आहे, उगाच आजीच्या फोनची जागा खाऊ नका. गेर, झांकी, नाच, रात्रीची मिरवणूक, आणि ज्याचं पुढे एडिटिंग व्हायचंय किंवा जो मोठ्या टीव्हीवर लावायचाय असं काहीही, ते डॉक्युमेंट म्हणूनच.

अँड्रॉइडवर चॅटमधल्या क्लिपच्या चिन्हावर टॅप करा, आयफोनवर अधिकच्या (+) चिन्हावर. दोन्हीकडे 'डॉक्युमेंट' निवडलं की गॅलरीतला व्हिडिओ घ्यायचा किंवा फाइल्समधून शोधायचा पर्याय येतो. बरोबर गेला का, हे चॅटमध्येच कळतं. मधोमध प्लेचा त्रिकोण असलेलं मोठं चित्र दिसलं, तर तो आकाराने लहान केलेला व्हिडिओ आहे. फाइलचं नाव, एमबीतला आकार आणि एमपी4 किंवा एमओव्ही असं लिहिलेली पट्टी दिसली, तर मूळ फाइल चालली आहे. तो आकार गॅलरीतल्या 'डिटेल्स'मधल्या आकाराशी जुळवून बघा. 640 एमबीचा व्हिडिओ तिकडे 38 एमबी दिसत असेल, तर पाठवणं तिथेच थांबवा.

एक सावधगिरीही इथेच सांगायला हवी. मूळ फाइल जाते तेव्हा तिच्यात नोंदलेलं ठिकाणही बरोबर जातं. घरातल्या लहान मुलांचा व्हिडिओ शंभर जणांच्या ग्रुपवर डॉक्युमेंट करून टाकण्याआधी हे लक्षात असू द्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करता येतं, पण ते चित्रणाआधी.

दोन जीबीचा हिशेब आधी करा

व्हॉट्सॲपवर एक फाइल जास्तीत जास्त 2 जीबीची चालते. 2022 पर्यंत ही मर्यादा 100 एमबी होती, जुन्या लेखांत अजून तोच आकडा सापडतो. टेलिग्रामवर साध्या खात्यातून 2 जीबी आणि प्रीमियममधून 4 जीबी चालते, मात्र तिथेही व्हिडिओ 'फाइल' म्हणूनच जोडावा लागतो.

2 जीबीत किती मिनिटं बसतात ते चित्रण कसं केलं त्यावर आहे. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच ॲपल आकडे देतं. 'हाय एफिशियन्सी' या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात 1080पी, सेकंदाला 30 फ्रेम (चित्रं) असेल तर मिनिटाला सुमारे 60 एमबी, 4के 30 फ्रेमला 170 एमबी, 4के 60 फ्रेमला 400 एमबी. म्हणजे 1080पीत अर्ध्या तासाहून जास्त बसतं, 4के 30मध्ये बारा मिनिटं आणि 4के 60मध्ये जेमतेम पाच. अँड्रॉइडचे आकडे फोनगणिक बदलतात. एक मिनिट चित्रण करा, आकार बघा, गुणाकार करा. दोन तासांचा कार्यक्रम एका दमात 4केमध्ये घेणाऱ्याला तो पाठवायचा कसा, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी पडतो. पाठवायचाच असेल तर कार्यक्रमाला 1080पी 30 फ्रेम लावा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबवून नवीन क्लिप सुरू करा.

फाइल आधीच मोठी झाली असेल तर बरेच जण ती झिप करतात. काही उपयोग नाही. व्हिडिओतली हवा आधीच काढलेली असते. झिप करून 1 जीबीचे 990 एमबी होतील, वर मावशीला ती उघडता येणार नाही. नावापुढचं एमओव्ही खोडून एमपी4 लिहिणं हाही निव्वळ देखावा, आत काहीच बदलत नाही.

कापणं हा सगळ्यात चांगला उपाय, कारण नकोसा भाग गेला की राहिलेल्याचा दर्जा तसाच ठेवता येतो. गॅलरीतल्या ट्रिमने पुढची-मागची मिनिटं काढा आणि 'सेव्ह ॲज कॉपी' करा, मूळ राहू द्या. कापूनही बसत नसेल आणि घरी कॉम्प्युटर असेल तर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातला 'फास्ट 1080पी30' हा तयार साचा निवडा, दर्जाची आरएफ पट्टी 22वर असते ती तशीच ठेवा. गुलाल-दिव्यांचं चित्रण असेल तर 20वर आणा. आकडा कमी तेवढा दर्जा जास्त आणि फाइल मोठी, हे उलटं गणित विसरू नका. पूर्ण व्हिडिओ लावण्याआधी मधलं एक मिनिट करून बघा, नाहीतर तासभर पंखा फिरून हाती नको ते येतं.

नेटची चूक म्हणजे चुकीचा आकडा बघणं

प्लॅनवर 100 एमबीपीएस लिहिलंय आणि तरी जात नाही, ही नेहमीची तक्रार. एकतर हे मेगाबिट आहेत, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, आठाने भागायचं. दुसरं, पाठवताना कामाचा असतो तो अपलोडचा वेग, आणि तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असू शकतो. फास्ट डॉट कॉमवर पहिला मोठा आकडा डाउनलोडचा असतो, खालचं 'शो मोअर इन्फो' दाबल्यावर अपलोडचा दिसतो. तो 10 एमबीपीएस असेल तर सेकंदाला सव्वा एमबी, म्हणजे 1 जीबीला सगळं सुरळीत असताना चौदा मिनिटं.

राजवाड्यासमोर गर्दीत उभं राहून फाइल पाठवायचा हट्ट धरू नका. त्या वेळी एकेका टॉवरवर हजारो फोन लटकलेले असतात आणि फोनवर पूर्ण दांड्या दिसत असल्या तरी अपलोड मुंगीच्या पावलाने चालतं. बॅटरी मात्र उतरते. रोजचा 2 जीबीचा पॅक असेल तर पावणेदोन जीबीची एक फाइल तो जवळपास संपवते, कारण अपलोडही पॅकमधूनच कापलं जातं. घरी या, वायफाय लावा, राउटरच्या खोलीत बसा.

निम्म्यावर अडकण्याचं अजून एक कारण फोनच्याच आत असतं. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्यासाठी बरेच अँड्रॉइड फोन ॲपला झोपवतात. सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, बॅटरी या वाटेने जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, डेटा सेव्हर बंद करा. आयफोनवर लो पॉवर मोड काढा, कारण त्यात स्क्रीन तीस सेकंदांत बंद होते, आणि फाइल जाईपर्यंत चॅट समोर उघडी ठेवा. 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असेल तर मूळ व्हिडिओ फोनमध्ये नसून आयक्लाउडवर असतो. तो आधी खाली उतरतो, मग वर चढतो. 'प्रिपेअरिंग'वर खिळलेलं चक्र बहुधा याचंच असतं.

पाचही नातेवाइकांना पाचदा अपलोड करू नका. एकाला गेलेली फाइल बाकीच्यांना 'फॉरवर्ड' करा. फॉरवर्ड केलेली फाइल पुन्हा अपलोड होत नाही आणि पुन्हा लहानही केली जात नाही. गॅलरीत सेव्ह करून परत गॅलरीतून पाठवली की मात्र प्रत्येक खेपेला चित्र आणखी खराब. एका वेळी पाच चॅटपर्यंत फॉरवर्ड करता येतं, घरच्यांना तेवढं पुरतं.

पोचली, पण उघडत नाही

मावशीच्या फोनवर आवाज येतो आणि चित्र काळं असतं, तेव्हा फाइल खराब नसते. नवे फोन एचईव्हीसी या पद्धतीने चित्रण करतात, जुन्या फोनला ती वाचता येत नाही. मावशीला व्हीएलसी प्लेअर टाकून द्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पुढच्या चित्रणासाठी आयफोनवर कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' ठेवा. फाइल जवळपास दुप्पट होईल, 1080पीला मिनिटाला 130 एमबी, पण कुठेही चालेल. चित्र फिकट, धुतल्यासारखं दिसत असेल तर ते एचडीआरचं, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक जास्त टिपणाऱ्या चित्रणाचं, काम. आयफोन 12पासून पुढे ते आपोआप चालू असतं. 'रेकॉर्ड व्हिडिओ'मध्ये 'एचडीआर व्हिडिओ' बंद करा.

डाउनलोडच होत नसेल तर आधी जागा बघा. दीड जीबीच्या फाइलला दीड जीबी रिकामी असून भागत नाही, थोडी जास्त लागते. मग फोनची तारीख-वेळ बघा. ती चुकलेली असेल तर व्हॉट्सॲप फाइल उतरवत नाही, आणि हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पाठवणाऱ्याच्याही अँड्रॉइड फोनमध्ये 'व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स'च्या आत 'सेंट' फोल्डरमध्ये एक प्रत पडून राहते. 'स्टोरेज अँड डेटा'मधल्या 'मॅनेज स्टोरेज'मध्ये ती सापडते. मंडळाच्या ग्रुपवर 1 जीबीची फाइल टाकलीत तर वायफायवर असलेल्या कित्येकांच्या फोनमध्ये ती न विचारता उतरते. तिथे लिंक द्या.

लिंक देताना

गूगल ड्राइव्हवर 15 जीबी मोफत, पण त्यात जीमेल आणि फोटोही आले. फाइल चढवल्यावर शेअरमध्ये 'रिस्ट्रिक्टेड'च्या जागी 'एनीवन विथ द लिंक' केलं नाही, तर मावशीला परवानगी मागायची पाटी दिसते आणि ती फोन बंद करून ठेवते. चढवल्याबरोबर लिंक उघडली तर चित्र धूसर दिसतं, कारण ड्राइव्हची बघायची प्रत अजून तयार होत असते. दर्जा डाउनलोड करूनच जोखा. 100 एमबीच्या वरच्या फाइलला 'व्हायरस तपासता आला नाही' असा इशारा येतो. तो फक्त आकारामुळे येतो, हे मावशीला आधी सांगून ठेवा. पूर्ण फोल्डर उतरवला तर ड्राइव्ह त्याचे 2 जीबीचे झिप तुकडे करतं. एकेक फाइल उतरवायला सांगा.

लग्नाचं 40-50 जीबीचं चित्रण असेल तर नेटच्या भानगडीत पडूच नये. पेनड्राइव्ह द्या, पण तो एफएटी32 या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा असेल तर 4 जीबीच्या वरची एकही फाइल घेणार नाही, मग त्यावर कितीही जागा रिकामी असो. एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅटने आतलं सगळं जातं, तेव्हा आधी रिकामा करा.

आणि फोनमधला मूळ व्हिडिओ लगेच पुसू नका. दोन निळ्या खुणांचा अर्थ मेसेज वाचला इतकाच, फाइल उतरवली असा नव्हे. व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर ती कायमची राहत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मावशीने बाणावर बोट ठेवलं, तर पुन्हा पाठवायला सांगा असा निरोप येतो, आणि तोवर इकडे मूळ गेलेलं असतं. मावशीला व्हिडिओ उघडून शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवायला सांगा, एमबीचा आकडा वाचून दाखवायला सांगा. जुळला की पुसा.