आधी निधी मोजा, मग कामं मागा: ग्रामपंचायत विकास आराखडा कसा करावा

गावात विकासाचा पैसा येतो त्याची वाट ठरलेली आहे. वित्त आयोग शिफारस करतो, केंद्र राज्याला अनुदान देतं आणि राज्याने ते हाती आल्यापासून कामकाजाच्या 10 दिवसांत पंचायतींना पोचवायचं असतं. उशीर झाला तर व्याजासकट. 15व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्यातला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि 10-10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. मात्र गावाच्या आराखड्यात नसलेल्या कामावर त्यातला एक रुपयाही खर्चता येत नाही. म्हणून सरपंच, सदस्य आणि जागरूक ग्रामस्थ या सगळ्यांनीच आराखडा नीट समजून घ्यायला हवा.

बहुतेक गावांत आधी मागण्या गोळा करतात आणि मग पैसे किती ते बघतात. हा क्रम उलटा करा. साधारण 2 ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभांची मोहीम सुरू होते. त्याआधीच एका कागदावर पुढच्या वर्षाचा अपेक्षित निधी मांडा: वित्त आयोग, घरपट्टी-पाणीपट्टीचं स्वउत्पन्न, रोजगार हमी, जलजीवन मिशन, स्वच्छ भारत मिशन, जिल्हा वार्षिक योजनेतली जनसुविधेची कामं. पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या) गावांनी पेसाचा 5 टक्के अबंध निधीही यात धरावा. स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी आधीच बाजूला काढा. वर्षाअखेर घाईघाईत साहित्य वाटून हा खर्च दाखवला की ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही.

आता वित्त आयोगाची रक्कम फोडा. समजा, ग्रामपंचायतीचा वर्षाचा वाटा 10 लाख आहे. 15व्या आयोगाच्या नियमाने त्यातले 6 लाख बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचे: 3 लाख पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पुनर्वापर यांसाठी आणि 3 लाख स्वच्छता व हागणदारीमुक्त दर्जा टिकवण्यासाठी. उरलेले 4 लाख अबंधित. ते राज्यघटनेच्या 11व्या अनुसूचीतल्या 29 विषयांपैकी गावाला हव्या त्या कामाला वापरता येतात, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. म्हणजे शाळेची दुरुस्ती, अंतर्गत रस्ता, अंगणवाडी, पथदिवे या सगळ्यांची ओढाताण 10 लाखांत नव्हे, 4 लाखांत आहे. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला की चर्चेचा सूरच बदलतो.

बंधित पैशातही थोडी मोकळीक आहे. पाण्याची गरज पूर्ण भागली असेल तर तो हिस्सा स्वच्छतेकडे वळवता येतो, तसंच उलटही. पण रस्त्याच्या काँक्रिटीकरणाला ‘सांडपाणी व्यवस्थापन’ असं नाव देऊन बंधितमध्ये बसवू नका. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप त्यावरच निघतो आणि वसुली लागते.

ही टक्केवारी कायमची नाही. 14व्या आयोगात पाणी-स्वच्छतेसाठी अशी बंधित विभागणी नव्हती. 2020-21 मध्ये ती निम्मी-निम्मी होती. 60-40 झाली ती त्यानंतर. 16व्या आयोगाचा काळ 1 एप्रिल 2026 पासून आहे, तेव्हा मागच्या वर्षीचा तक्ता कॉपी करण्याआधी ग्रामविकास विभागाचा ताजा शासन निर्णय हातात घ्या.

निधी मोजून झाला की गाव बघायला निघा. शिवारफेरी सकाळी, पाणी सुटायच्या वेळी ठेवा, म्हणजे कोणत्या गल्लीत शेवटच्या नळाला धार येत नाही ते डोळ्यांनी दिसतं. सोबत मिशन अंत्योदयच्या, म्हणजे गावातल्या सोयी-उणिवांच्या सरकारी पाहणीत गावाची नोंद काय झाली आहे तेही ताडून पाहा. चुकीच्या नोंदीवर आराखडा उभा राहिला तर गरज असलेलं काम मागेच पडतं. शाश्वत विकासाच्या 9 संकल्पनांपैकी (गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, जलसमृद्ध गाव वगैरे) गाव कोणत्या निवडणार, हे याच टप्प्यावर ठरवा. जिथे खरी उणीव आहे त्याच निवडा.

काम लिहिताना नेमकं लिहा. ‘गावात गटार करणे’ असं लिहिलं तर अभियंत्याला अंदाजपत्रक करता येत नाही आणि पुढे काम कोणाच्या दारात करायचं यावरून भांडणं होतात. ‘वॉर्ड 2, अंगणवाडी ते ओढा, बंदिस्त गटार, 85 मीटर’ असं लिहा. हातपंपाशेजारी डबकं साचत असेल तर जागा, मालकी आणि खड्ड्याचं माप (साधारण 4 फूट लांब, रुंद, खोल शोषखड्डा) लिहून ठेवा. जागा खाजगी असेल तर संमतीपत्र आधीच घ्या. मंजूर कामं अडतात ती बहुतेक वेळा याच कागदावाचून.

त्यानंतर वॉर्ड सभा, महिला सभा आणि शेवटी ग्रामसभा. महिला सभा ही नुसती सह्यांपुरती नको. पाणी आणि शौचालयाचा रोजचा त्रास त्यांनाच ठाऊक असतो आणि बंधित निधी नेमका त्यासाठीच आहे. ग्रामसभेची नोटीस 7 दिवस आधी, आणि गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी कमी असेल ती. विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आराखडा घेऊ नका. तो स्वतंत्र विषय हवा, प्राधान्यक्रम आकड्यांत हवा. निधी कमी आला तर काय गळणार, तेही त्याच सभेत ठरवा.

पंचायत समितीत तांत्रिक छाननी होते. त्याआधी एक गोष्ट तपासा: तेच काम जिल्हा वार्षिक योजनेत, आमदारांनी सुचवलेल्या 2515 च्या (ग्रामविकास विभागाच्या मूलभूत सुविधांच्या लेखाशीर्षाच्या) यादीत किंवा जलजीवनच्या अंदाजपत्रकात आहे का? जलजीवनमध्ये केंद्र-राज्य निम्मे-निम्मे पैसे घालतात. नवी जलवाहिनी तिथून येत असेल तर बंधित पैसा देखभालीला ठेवणं शहाणपणाचं. पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेच्या 10 टक्क्यांतून काम होईल असं धरून चालताना तिथे निवडून आलेली सभा आहे ना, हे बघा. प्रशासक असेल तर तो वाटा अडकतो.

शेवटचा टप्पा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन प्रणालीवर. प्रत्येक काम योग्य शीर्षाखाली, बंधित-अबंधित बरोबर निवडून चढवा. कामाला संकेतांक मिळाल्याशिवाय देयक निघत नाही. इथे चूक झाली तर ती महिन्यांनंतर, कंत्राटदार बिल घेऊन दारात उभा राहिल्यावर लक्षात येते. पैसे देताना ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंच बदलले की नव्या सहीची नोंदणी पहिल्याच आठवड्यात करा आणि जुन्या सहीची मुदत कधी संपते ते कार्यालयातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. एवढ्याशा कारणाने खात्यात लाखो रुपये पडून राहतात आणि गावाला वाटतं, सरकारने पैसेच दिले नाहीत.

काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावर एकाच जागेवरून जिओ-टॅग केलेले फोटो काढा. मोजमाप पुस्तिकेतली नोंद झाल्याखेरीज देयकाला हात लावू नका. निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एका कामाचे तीन तुकडे पाडू नका. वर्षाचा लेखा वेळेत बंद करा, लेखापरीक्षण ऑनलाइन चढवा. 2023-24 पासून ज्या पंचायतीचे तात्पुरते आणि लेखापरीक्षित असे दोन्ही हिशोब ऑनलाइन नाहीत, तिचं अनुदान थांबतं.

मंजूर आराखड्याची प्रत कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावा: कामाचं नाव, ठिकाण, रक्कम, निधीचा प्रकार. आणि इतिवृत्त सभा उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे ठरावात नंतर भर पडत नाही.