साडेपाचचा डबा

ठाण्याहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या माणसाची तब्येत बिघडते ती संध्याकाळी सहा ते आठच्या मध्ये. सकाळी सगळेच शहाणे असतात. कोणी मेथीचं पाणी पितं, कोणी पोह्यांत मटार वाढवतं, दुपारचा पोळीभाजीचा डबाही घरचाच असतो. पण एकला जेवलेला माणूस रात्री साडेनऊला पानावर बसतो. मधल्या साडेआठ तासांत चहा-बिस्किटं होतात, फलाटावर वडापाव होतो, घरी आल्यावर पोळ्या होईपर्यंत उभ्याउभ्या फरसाण होतं. मग भूक मेलेली, म्हणून जेवण उशिरा, झोप बाराला आणि पहाटे सव्वापाचला गजर. अशा माणसाला सकाळी उठून चालायला जा म्हणण्यात काही अर्थ नाही.

म्हणून आहार, व्यायाम, मन वगैरे सगळं एकदम हातात घेऊ नका. संध्याकाळची भूक तेवढी आधी सांभाळा. दुपारच्या डब्याबरोबर दुसरा एक छोटा डबा न्यायचा आणि साडेपाचला, ऑफिसमधून निघायच्या आधी, टेबलावर बसून खायचा. गाडीत खाऊ म्हणाल तर खाणं होत नाही. सहाच्या सुमाराच्या गाडीत हात वर करायला जागा नसते, डबा कुठला उघडताय! मी नौपाड्यात राहते, नोकरी फोर्टात. आमच्या गाडीतल्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणींच्या पर्समध्ये आता हा डबा असतो.

डबा स्टीलचा घ्या, वाटीएवढा, फिरकीच्या झाकणाचा. पावसाळ्यात फुटाणे सादळतात आणि सादळलेले फुटाणे कोणी खात नाही. ते परत घरी येतात आणि पोटात वडापाव जातो.

आत काय भरायचं? माझ्या दोनच अटी आहेत. प्रथिनं हवीत आणि चावावं लागलं पाहिजे. मूठभर फुटाणे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, यांतून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. एका अंड्यातून साधारण तेवढीच. फुटाणे सालासकट खा. त्यांत थोडे भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा लहानसा खडा, झाला डबा. बदाम परवडत असतील तर जरूर खा, पण शेंगदाण्यात प्रथिनं बदामापेक्षा थोडी जास्तच असतात, हे बदाम विकणारा सांगणार नाही. रोज तेच नको असेल तर रात्री हरभरे भिजत टाका आणि सकाळच्या कुकरमध्ये एक भांडं त्यांचं लावा. वर मीठ, तिखट आणि खाताना लिंबू. लिंबाने चवही येते आणि कडधान्यातलं लोहही अंगी लागतं. कच्चा कांदा मात्र घालू नका, शेजारच्या टेबलाचा शाप लागतो. पावसाळा सरताना जांभळी नाक्याच्या बाजारात ओल्या भुईमुगाच्या शेंगा येतात, त्या मिठाच्या पाण्यात उकडून न्या.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे थालीपीठ. भाजणीत धान्यांबरोबर डाळी असतात, त्यामुळे ते पोटाला धरून राहतं. सकाळी पोळ्या झाल्यावर तवा तापलेलाच असतो. डब्याच्या तळाएवढं लहान आणि पातळ थापायचं, मधोमध भोक, तेल चमच्यानं मोजून. झाकण ठेवून एक बाजू होऊ द्यायची, मग उलटून झाकणाशिवाय. डब्यात भरण्याआधी जाळीवर पूर्ण निवू द्या, नाहीतर वाफेनं त्याची कणीक होते. गार थालीपीठ आणि जवसाची कोरडी चटणी संध्याकाळी साडेपाचला जशी लागते तशी गरम असतानाही लागत नाही. फळ न्यायचं तर पेरू किंवा केळं. पपई कापून नेण्याचा उत्साह दोन दिवस टिकतो.

बिस्किटांबद्दल एवढंच सांगते, पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचू नका, मागचं वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तीनांत मैदा, साखर आणि पामतेल असेल तर पुढे 'डायजेस्टिव्ह' लिहिलेलं असलं तरी ते बिस्किटच.

आणि हा डबा चहाबरोबर खायचा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं म्हटलंय, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. ज्या बायकांचं हिमोग्लोबिन कायम कमी असतं त्यांनी तरी हे मनावर घ्यावं. चहा साडेतीनला उरकून टाका, झोपेलाही तेच बरं.

वडापाव बंद करायला मी कोणालाच सांगत नाही. ठाण्यात राहून ते सांगण्याची माझी हिंमतही नाही. ठरवून खा, मैत्रिणींबरोबर खा, भूक भागवायला नव्हे तर चवीला खा. मामलेदारची मिसळ रविवारी सकाळी खाल्लीत तर तो नाश्ता धरू नका, तेच जेवण.

डब्याचा पहिला फायदा ठाणे स्टेशनबाहेर कळतो. पोटात काही असलं की रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याची गरज वाटत नाही, पाय आपसूक गोखले रोडला लागतात. माझं घर वीस मिनिटांवर आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागणारा. वीस मिनिटं झपाझप, पाच दिवस, तिथेच शंभर झाली. उरलेली पन्नास रविवारी कचराळी तलावाला फेऱ्या मारून होतात. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना उपवन आहे, येऊरचा चढ आहे. स्टेशनपासून घर लांब असेल तर दोन थांबे आधी उतरा. तळावपाळीला जेवणानंतर शतपावलीला जाणाऱ्यांनी मात्र पाकीट घरी ठेवावं. तिथे चालणं कमी आणि आइस्क्रीम जास्त होतं.

चालण्यानं सगळं होत नाही. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायामही हवा आणि पन्नाशीकडे झुकलेल्या बायका नेमका तोच टाळतात. त्याला जिम लागत नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागे सरकणार नाही. हात छातीवर दुमडा. हातांचा आधार न घेता उठा आणि उठलात त्यापेक्षा सावकाश बसा. धप्पकन बसलात तर ती खेप मोजू नका. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. मग ओट्याला हात टेकून, अंग तिरकं करून दंड मारा, तेही दहा. कुकर होईपर्यंत हे सगळं आटोपतं.

रात्रीचं जेवण साडेआठला. खाऊन आलेलं असल्यानं स्वयंपाक शांतपणे होतो, ताटात भाताचा डोंगर येत नाही आणि अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं ठेवणं जमतं. पावसाळ्यात बाजारात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, कंटोळी, जे मिळेल ते घ्या आणि कशी करायची ते त्यांनाच विचारा. शेवळं घेतलीत तर काकडं, म्हणजे त्यात घालायची आंबट रानफळं, मागून घ्या; त्याशिवाय केलेली शेवळं घशाला अशी खाजतात की पुन्हा नाव काढणार नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, आणि त्यातच लोणचं-पापड आले.

आता मनाचं. आमच्या घरातली बहुतेक भांडणं रात्री आठला व्हायची, कारणं वेगवेगळी, वेळ तीच. हे ऐरोलीहून येतात. डबा खाल्लाय की नाही हे मला त्यांच्या चपला काढण्यावरून कळतं. खाल्ला असेल तर चपला रॅकमध्ये जातात, नाहीतर एक दारात आणि एक सोफ्याखाली.

"अहो, डबा?"

"मीटिंग होती."

"मग आधी खा. बोलायचं ते नंतर."

सासूबाईंनी यावर नियमच करून टाकलाय. बाहेरून आलेल्या माणसाशी पहिला अर्धा तास पैसे, मुलांचे मार्क आणि नातेवाईक हे विषय काढायचे नाहीत. तुमच्या घरी विषय वेगळे असतील, पण यादी करून ठेवा. आणि आल्या आल्या मोबाईल उघडू नका, ऑफिसच्या ग्रुपवरचा एक मेसेज सगळं मुसळ केरात घालतो.

पण प्रत्येक चिडचीड भुकेची नसते. दोन आठवडे झोप नीट नाही, कशातच मन लागत नाही, गाडीत मैत्रिणींशीही बोलावंसं वाटत नाही, असं असेल तर फुटाण्यांनी भागणार नाही. 'ह्याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा अख्ख्या महाराष्ट्रात चालते, कारण १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आमच्या गावात. त्या थट्टेमुळेच इथले लोक मदत मागायला लाजतात असं माझं मत आहे. लाजू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या नंबरवर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था तर ठाण्यातलीच.

फरक पडतोय का हे बघायला रोज वजनकाट्यावर चढू नका. शिंप्याच्या टेपनं महिन्यातून एकदा, श्वास सोडून, कंबर मोजा. आपल्याकडे बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरपर्यंत ठीक मानतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डब्याची वेळ आणि गूळ-फळं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

राहिला प्रश्न डबा कोणी भरायचा. घरच्या बाईच्या कामात आणखी एक काम घालायचं असेल तर हा लेख विसरा. आमच्याकडे फुटाण्यांची आणि दाण्यांची बरणी टेबलावर असते, ज्याचा डबा त्यानं भरायचा. रात्री घासून ओट्यावर पालथा घातलेला दिसला नाही, तर सकाळी त्याची चौकशीही माझ्याकडे करायची नाही.